क्राफ्टवेर्क: पेटीतले आठ अल्बम आणि पेटीबाहेरचे बाकी सगळे

सुईखालचा

सिंथेसायझरच्या धाग्यात एका नव्या सभासदाने विचारले होते, 'क्राफ्टवेर्क पहिल्यापासून ऐकायचे आहे, काय घेऊ?' चौघांनी एका सुरात उत्तर दिले, 'कॅटलॉगची पेटी घे.' सल्ला वाईट नाही, पण त्या पेटीत 'पहिल्यापासून' असे काही नाहीच. तिकडे अवांतर वाढायला नको म्हणून हा वेगळा धागा.

पेटी म्हणजे क्राफ्टवेर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक ग्रुपचा, २००९ साली निघालेला आठ रिमास्टर अल्बमांचा संच. 'आउटोबान' (१९७४), 'रेडिओ-आक्टिविटेट' (१९७५), 'ट्रान्स युरोपा एक्सप्रेस' (१९७७), 'दी मेन्श-माशीने' (१९७८), 'कॉम्प्युटरवेल्ट' (१९८१), 'टेक्नो पॉप' (१९८६), 'द मिक्स' (१९९१) आणि 'तूर द फ्रान्स' (२००३). जर्मन गाण्यांची पेटी वेगळी, इंग्रजीची वेगळी. राल्फ ह्युटर आणि फ्लोरियान श्नायडर यांनी क्राफ्टवेर्क या नावाने पहिली एलपी काढली ती मात्र १९७० साली. १९७२ला दुसरी आली, १९७३ला तिसरी. या तिन्ही अधिकृतपणे सीडीवर कधीच आल्या नाहीत. नव्वदच्या दशकात जर्मानोफोन आणि क्राउन या नावांच्या सीड्या फिरत होत्या, त्या चोरट्या.

एखाद्या ग्रुपचे दुर्मीळ रेकॉर्डिंग म्हटले की स्टुडिओत उरलेसुरले तुकडे, न जमलेली गाणी, असे काही डोळ्यांपुढे येते. क्राफ्टवेर्कचे जे दुर्मीळ आहे, ते बहुतेक त्यांनी स्वतःच मागे सारलेले आहे. काही गोष्टी विकायच्याच बंद केल्या, काहींवर नवी आवृत्ती चढवली. त्यामुळे यांची यादी वाचताना काय निघाले याच्या जोडीने काय दिसेनासे झाले तेही पाहावे लागते.

सुरुवात 'टोन फ्लोट'पासून. १९७० साली ह्युटर-श्नायडर आणि आणखी तिघे 'ऑर्गनायझेशन' या नावाने वाजवत होते. कॉनी प्लांक निर्माता. आरसीए कंपनीने एलपी काढली ती ब्रिटनमध्ये, खुद्द जर्मनीत नाही. ऑर्गन, बासरी, भरपूर तालवाद्ये आणि एक पूर्ण बाजूभर चालणारे शीर्षकगीत. खप यथातथाच झाला आणि ग्रुप मोडला.

मग 'क्राफ्टवेर्क'. पांढऱ्या कव्हरवर रस्त्यावरचा लाल शंकू, आत बेर्न्ड आणि हिला बेखर या छायाचित्रकार दांपत्याने काढलेला ट्रान्सफॉर्मरचा फोटो. पहिलेच गाणे 'रुकत्सुक', त्यात श्नायडरची बासरी अशी काही तुटक, धापा टाकत वाजते की हा माणूस पुढे यंत्रांकडे वळणार हे तिथेच कळते. ड्रमवर आंद्रेआस होमान आणि क्लाउस डिंगर. 'न्यूटन्स अ‍ॅपल' या अमेरिकी विज्ञान मालिकेचे शीर्षकसंगीत ज्यांनी ऐकले आहे, त्यांनी 'रुकत्सुक' नकळत ऐकलेले आहे.

'क्राफ्टवेर्क २'वर तोच शंकू, हिरव्या रंगात. ड्रमर कोणीच नाही, दोघेच. पहिली बाजू जवळजवळ एकाच रचनेने भरली आहे: सतरा मिनिटांचे 'क्लिंगक्लांग', साध्या ताल-यंत्राच्या आधाराने. त्या यंत्राचा वेग मध्येच वाढतो, घटतो, आणि तेवढ्यानेच त्यात जीव येतो. ड्युसेलडॉर्फच्या त्यांच्या स्टुडिओचे नाव क्लिंग क्लांग, लेबलचे नावही तेच. म्हणजे पेटीतल्या प्रत्येक अल्बमवर जो शिक्का आहे, तो पेटीत न घेतलेल्या अल्बममधून आला आहे. हे मला फार आवडते.

तिसरी 'राल्फ उंड फ्लोरियान'. 'क्रिस्टालो', 'टान्त्समुझिक', 'आनानास सिंफोनी'. ही तर ऐकायला अगदी गोड. जर्मन एलपीसोबत चित्रकार एमिल शुल्टने काढलेले कॉमिकसारखे पोस्टर होते.

बाकीच्यांनी भर घालावी. सिंगल, टीव्ही, बूटलेग (म्हणजे चोरून छापलेली रेकॉर्डिंग), काहीही चालेल.

नवखा_श्रोता

तो नवा सभासद मीच. धागा काढल्याबद्दल आभार, वाचनखूण साठवली आहे. एक भाबडा प्रश्न: बासरी, ऑर्गन, खरे ड्रम. मग या पहिल्या तीन एलपींना इलेक्ट्रॉनिक म्हणायचे का?

अडगळ

@नवखा_श्रोता, म्हणायचं. पहिल्या दोन एलपींत सिंथेसायझर नसला तरी बासरी, व्हायोलिन, ऑर्गन सगळं इको आणि फिल्टरमधून पिळून काढलेलं आहे. प्लांक हा ध्वनिमुद्रक त्या काळात मिक्सरलाच वाद्य समजायचा.

आता माझी भर. १९७१ साली ह्युटर काही महिने ग्रुपमध्ये नव्हता. त्या अवधीत क्राफ्टवेर्क म्हणजे श्नायडर, डिंगर आणि गिटारवर मिखाएल रोथर. या तिघांची एकही एलपी नाही. पण जर्मन टीव्हीच्या 'बीट-क्लब' कार्यक्रमात त्यांनी वाजवलेलं आहे, आणि २५ जून १९७१ला रेडिओ ब्रेमेनसाठी केलेला कार्यक्रम तासाभराचा आहे. बूटलेगवाल्यांनी तो पुन्हा पुन्हा छापला. त्यात एका तुकड्याचं नाव 'हेवी मेटल किड्स', आणि ते नावाला जागतं. क्राफ्टवेर्कच्या नावावर इतकं दणदणीत, घामट रॉक ऐकायला मिळेल असं कोणाला वाटणार नाही. डिंगर एकच ताल धरतो आणि सोडतच नाही. त्याच वर्षी तो आणि रोथर बाहेर पडले आणि त्यांचा 'नॉय!' हा ग्रुप सुरू झाला.

त्याआधीचं, १९७०चं, झोस्ट गावच्या सभागृहातलं चित्रीकरणही आहे, ते डब्ल्यूडीआर टीव्हीचं. वाजवणारे तल्लीन, आणि पोरंपोरी जमिनीवर बसून 'हे कधी सुरू होणार' असा चेहरा करून बघतायत. काही जण टाळ्यांनी ताल धरायला जातात आणि फसतात. संगीत राहू द्या, प्रेक्षकांसाठी बघा.

जुनी_कॅसेट

माझं मत वेगळं आहे, धागाकर्त्याने रागावू नये.

पेटी १९७४पासून सुरू होते ते बरोबरच आहे. पहिल्या तीन एलपी मी ऐकल्यात. चांगल्या आहेत, पण त्या वेळी जर्मनीत तशा वाजवणारे आणखी बरेच होते. कॅन होते, टँजरिन ड्रीम होते, क्लस्टर होते. 'आउटोबान'सारखं दुसरं कोणी वाजवत नव्हतं. बावीस मिनिटांचं गाणं, गाडीचं दार लावल्याचा आवाज, इंजिन सुरू, आणि पुढे मोटार रस्त्याला लागते. त्याचा साडेतीन मिनिटांचा तुकडा अमेरिकेत पंचविसाव्या क्रमांकापर्यंत गेला, ब्रिटनमध्ये अकराव्या. अल्बम अमेरिकेत पाचवा. जर्मन भाषेतलं गाणं! माणसाला आपण कुठून सुरू झालो ते ठरवायचा हक्क असतो. कवी आपल्या पहिल्या कविता संग्रहात घेत नाही, तेव्हा आपण त्याच्या घराची झडती घेतो का?

अवांतर: १९८१च्या 'कॉम्प्युटर वर्ल्ड' दौऱ्यात हे चौघे मुंबईलाही येऊन गेले. आमच्या थोरल्या भावाला तेव्हा तिकीट मिळालं नाही, ते तो अजून बोलून दाखवतो. त्या दौऱ्यात 'पॉकेट कॅल्क्युलेटर'च्या वेळी चौघे हातातली छोटी यंत्रं घेऊन स्टेजच्या कडेला यायचे आणि पुढच्या रांगेतल्यांना बटणं दाबू द्यायचे. इथे कोणी ज्येष्ठ सभासद तो कार्यक्रम पाहिलेले असतील तर लिहा हो.

सुईखालचा

रागावलो नाही. कवीची उपमा पटली नाही, इतकेच. कवी जुना संग्रह पुन्हा छापत नाही, इथवर ठीक. पण या मंडळींनी १९७४ नंतरचेही जसे होते तसे ठेवलेले नाही, त्यावर कोणी लिहील का? 'इलेक्ट्रिक कॅफे' नावाचा अल्बम पेटीत शोधून दाखवा.

बी_साइड

इकडे मी आलोच.

'इलेक्ट्रिक कॅफे' १९८६ला आला. २००९ला त्याचे नाव बदलून 'टेक्नो पॉप' केले. आतही बदल केला: 'द टेलिफोन कॉल' छाटले आणि 'हाउस फोन' नावाचा तुकडा घातला, जो आधी १२ इंची सिंगलच्या मागच्या बाजूला होता. म्हणजे एक बी-साइड पेटीत शिरली आणि मूळ गाण्याचा मोठा अवतार पेटीबाहेर गेला. मूळ हवा असेल तर जुनी एलपी किंवा जुनी सीडी शोधा. सुदैवाने ती दुर्मीळ नाही.

पण खरी गोष्ट त्याआधीची आहे. १९८३ साली 'टेक्नो पॉप' नावाचा अल्बम येणार होता. ईएमआय कंपनीने क्रमांकही देऊन ठेवला होता. त्यातून बाहेर आले ते एकच, 'तूर द फ्रान्स' हे सायकल शर्यतीवरचे सिंगल. मग ह्युटर सायकलवरून जोरात पडला. शिवाय डिजिटल यंत्रे बाजारात येत होती आणि हाताशी असलेला आवाज एकदम जुना वाटायला लागला. अल्बम थांबला, पुन्हा पुन्हा मिक्स झाला, न्यूयॉर्कला फ्रान्स्वा केव्होर्कियन या रिमिक्स करणाऱ्याकडे गेला आणि तीन वर्षांनी 'इलेक्ट्रिक कॅफे' म्हणून आला. १९८३च्या डेमोंचे तुकडे बूटलेगवर फिरतात. त्यातले 'सेक्स ऑब्जेक्ट' आणि 'टेलिफोन कॉल' ऐकून बघा. आवाज खडबडीत आहे, पण अंगात ऊब आहे. १९८६चे पॉलिश मला कधीच फारसे भावले नाही.

१९८३चे मूळ 'तूर द फ्रान्स' पेटीत नाही. धापांचे आवाज, साखळीचा आवाज, कव्हरवर जुन्या हंगेरियन टपाल तिकिटावरून घेतलेले सायकलस्वार. २००३च्या अल्बममध्ये आहे ती नव्याने केलेली आवृत्ती. १९८४चे केव्होर्कियनचे रिमिक्स वेगळे, 'ब्रेकिन' सिनेमात झाडू घेऊन नाचतात तेव्हा वाजते ते आणखी वेगळे ऐकू येते. ही सगळी घरात असावीत असे माझे प्रामाणिक मत आहे, घरच्यांचे नाही.

आणखी काही चटकन आठवलेले. डिसेंबर १९७३चे 'कोहुटेक-कोमेटनमेलोडी' हे सिंगल. कोहुटेक धूमकेतू तेव्हा आकाशात येत होता आणि फार मोठा तमाशा दिसणार अशी हवा होती. धूमकेतूने निराशा केली, सिंगलनेही फार काही केले नाही. पुढच्या वर्षी 'आउटोबान'वर 'कोमेटनमेलोडी' आले ते नवे रेकॉर्डिंग. मधला दुवा ऐकायचा तर सिंगलच हवे. १९७८चे ब्रिटिश 'निऑन लाइट्स', अंधारात चमकणाऱ्या तबकडीवर १२ इंची. 'शोरूम डमीज'चा फ्रेंच अवतार 'ले मानकँ'. आणि 'पॉकेट कॅल्क्युलेटर'ची चार भाषांतली भावंडे: जर्मन 'टाशेनरेखनर', इंग्रजी, फ्रेंच 'मिनी काल्क्युलातर', जपानी 'देन्ताकु'.

मध्यरात्रीचा_माळी

बी_साइड, दंडवत.

भाषांच्या बाबतीत एक पुरवणी. 'रेडिओ-आक्टिविटेट'पर्यंत जर्मन-इंग्रजी वेगळे अल्बम नव्हतेच. त्या अल्बममध्ये एकाच तबकडीवर दोन्ही भाषा आहेत, कधी एकाच गाण्यात. 'ट्रान्स युरोपा एक्सप्रेस'पासून दोन स्वतंत्र आवृत्त्या निघू लागल्या. नवख्याला माझा सल्ला: जर्मन घ्या. अर्थ कळायची गरज नाही, शब्द फारसे नसतातच, पण 'दी रोबोटर'मधली जर्मन व्यंजने ड्रमसारखी पडतात. इंग्रजीत ती जागा मऊ होते.

रेडिओवरूनच दुसरा मुद्दा. १९७५चे मूळ गाणे किरणोत्सर्ग आणि रेडिओ प्रसारण या दोन्हींवर एकदम बोलते आणि बाजू घेत नाही. त्यामुळे ते अंगावर येते. 'द मिक्स'मध्ये १९९१ला त्याला 'थांबवा' जोडले आणि चेर्नोबिल, हॅरिसबर्ग, सेलाफील्ड, हिरोशिमा ही नावे घातली. १९९२ला मँचेस्टरला ग्रीनपीसच्या, सेलाफील्डच्या ब्रिटिश अणुप्रकल्पाविरोधी कार्यक्रमात त्यांनी ते वाजवले. २०१२ला टोकियोत फुकुशिमाचे नाव आणि जपानी ओळी आल्या, त्या कामी जपानी संगीतकार र्युइची साकामोतो यांची मदत होती. भूमिका म्हणून मला पूर्ण मान्य. पण मैफलीत आता १९७५चे ऐकू येत नाही. हेच ते धागाकर्त्याचे 'आवृत्ती चढवणे'.

कव्हरांचे तर विचारूच नका. 'आउटोबान'वर एमिल शुल्टने रंगवलेला रस्ता, डोंगर आणि गाड्या होत्या. पेटीत निळ्यावर पांढरी महामार्गाची खूण आहे. ती ब्रिटिश आवृत्तीवरून आली, पण चित्र गेले ते गेलेच. 'रेडिओ-आक्टिविटेट'वर १९३८चा जर्मन रेडिओ सेट होता, त्या जागी आता किरणोत्सर्गाचे चिन्ह. नव्या मुलांना हा अल्बम फक्त अणुवीजेवरचा वाटतो, त्यात त्यांचा दोष नाही.

जुनी_कॅसेट

कव्हरांबाबत शंभर टक्के सहमत. एवढ्या एका मुद्द्यावर मी तुमच्यात.

कोर्टाची_पायरी

कायद्याच्या अंगाने थोडे. या ग्रुपचा आपल्या रेकॉर्डिंगवरचा पहारा किती कडक आहे, ते 'मेटाल आउफ मेटाल'च्या खटल्यातून दिसते. हा 'ट्रान्स युरोपा एक्सप्रेस'मधला धातूवर धातू आपटण्याचा भाग. १९९७ साली मोझेस पेल्हाम या निर्मात्याने त्यातला सुमारे दोन सेकंदांचा तालाचा तुकडा घेऊन तो साब्रिना सेटलूरच्या 'नूर मिर' या रॅप गाण्याखाली सतत फिरता ठेवला. ह्युटर आणि श्नायडर कोर्टात गेले.

त्यानंतर जे झाले ते आपल्याकडच्या जमिनीच्या दाव्यांना शोभेल असे आहे. २०१२ला जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा कौल क्राफ्टवेर्कच्या बाजूने. २०१६ला घटनात्मक न्यायालयाने कलास्वातंत्र्याचा पुरेसा विचार झाला नाही म्हणून तो निकाल रद्द केला. २०१९ला युरोपीय न्यायालय म्हणाले, की अगदी छोटा तुकडाही ओळखू येत असेल तर निर्मात्याची परवानगी लागेल. मात्र कानाला ओळखू न येण्याइतका बदलला असेल तर तो पुनरुत्पादन ठरत नाही. २०२०ला जर्मन न्यायालयाने डिसेंबर २००२च्या आधीचा आणि नंतरचा काळ वेगवेगळा धरला. मग जर्मन कायद्यात नक्कल-शैलीला सूट देणारे कलम आले, आणि त्याचा अर्थ काय लावायचा म्हणून २०२३ला प्रश्न पुन्हा युरोपीय न्यायालयाकडे गेला.

गंमत ही की दोन सेकंदांसाठी वीस वर्षांहून जास्त काळ लढणाऱ्या या ग्रुपच्या तीन अख्ख्या एलपी चोरट्या छापखान्यांनी वर्षानुवर्षे विकल्या.

अडगळ

बाकी ज्यांनी घेतलं त्यांची यादी लांब आहे. १९८२चं 'प्लॅनेट रॉक': हिप-हॉपवाल्या आफ्रिका बंबाटाने 'ट्रान्स युरोप एक्सप्रेस'ची धून आणि 'नंबर्स'चा ठेका एकत्र केला, तोही सॅम्पल न करता, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगचा तुकडा न उचलता, पुन्हा वाजवून. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधली पोरं जर्मन आगगाडीवर नाचली. आणि कोल्डप्लेच्या 'टॉक'मध्ये 'कॉम्प्युटर लव्ह'ची धून आहे ती रीतसर परवानगीने. म्हणजे विचारलं तर देतात.

ऱ्हाईनकाठी

ड्युसेलडॉर्फजवळ राहतो, म्हणून इथलं थोडं.

जुना क्लिंग क्लांग स्टुडिओ रेल्वे स्टेशनजवळ मिंट्रोपश्ट्रासेवर होता. परिसर अजिबात रम्य नाही. बाहेरून पाहण्यासारखं काही नाही, तरी जपानी आणि ब्रिटिश पर्यटक फोटो काढताना दिसतात. आपल्याकडचे पाहुणे आले की मी त्यांना नदीकाठीच नेतो. स्टुडिओ बऱ्याच वर्षांपूर्वी शहराबाहेर मेयरबुशला हलला.

पहिल्या तीन एलपी इथे जुन्या तबकड्यांच्या बाजारात अधूनमधून दिसतात. लाल शंकू आणि हिरवा शंकू दिसायला मिळतात, पण तबकडी घासलेली असते, कारण त्या काळी ती लोकांनी खरोखर ऐकली. 'राल्फ उंड फ्लोरियान' घेताना आधी आत हात घालून शुल्टचं पोस्टर आहे का ते बघायचं. नसेल तर विक्रेत्याशी घासाघीस करायला हरकत नाही. पोस्टर असेल तर तोच तुमच्याशी करतो.

स्वस्तातला मार्ग म्हणजे ब्रिटिश व्हर्टिगो लेबलची जोड-एलपी, जिच्यात पहिले दोन्ही अल्बम एकत्र आहेत. १९७५चा 'एक्सेलर ८' हा व्हर्टिगोचाच संग्रह, त्यातही सुरुवातीचं संगीत मिळतं. हे दोन्ही अधिकृत आहेत, फक्त पुन्हा कधी छापले नाहीत. 'टोन फ्लोट'ची मूळ आरसीए प्रत मी एकदाच पाहिली आहे, काचेच्या कपाटात. किंमत विचारली नाही.

नवखा_श्रोता

एवढे सगळे वाचून जरा गरगरले. लाइव्ह रेकॉर्डिंग ऐकावीत का? आणि थ्री-डी पेटी म्हणजे काय? तीही घ्यायची का?

बी_साइड

@नवखा_श्रोता, लाइव्हमध्ये 'मिनिमम-मॅक्सिमम' (२००५) घ्या, डोळे झाकून. अनेक शहरांतली रेकॉर्डिंग आहेत, प्रेक्षकांचा आवाज आहे, श्नायडर अजून ग्रुपमध्ये आहे. 'देन्ताकु' टोकियोच्या प्रेक्षकांसमोर वाजते, आणि हानोफरच्या एक्स्पो २००० प्रदर्शनाचे गाणे 'प्लॅनेट ऑफ व्हिजन्स' या नव्या रूपात येते.

थ्री-डी पेटी २०१७ची. २०१२ला न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांनी आठ रात्री आठ अल्बम वाजवले, पुढच्या वर्षी लंडनच्या टेट मॉडर्नमध्येही. अशा कार्यक्रमांतून ती पेटी झाली. तिला ग्रॅमीही मिळाले. पण ऐकताना समोर कोणी बसले आहे असे वाटत नाही, टाळी नाही, खोकला नाही. मला ती मैफल वाटतच नाही. पडद्यावर चष्मा लावून बघायला मात्र मजा येते.

आणि बघा, संग्रहालयातही मोजणी १९७४पासूनच.

मध्यरात्रीचा_माळी

लाइव्हमध्ये मला हवी असलेली गोष्ट कुठल्याच पेटीत नाही. मे १९९७ला इंग्लंडमध्ये लुटन हू इथल्या ट्रायबल गॅदरिंग या संगीत महोत्सवात ते बऱ्याच वर्षांनी मोठ्या गर्दीसमोर आले. टेक्नोवाली सगळी पिढी तंबूत दाटीवाटीने उभी होती. तिथे त्यांनी नवे संगीत वाजवले, त्याच वर्षी कार्ल्सरूहेलाही. लोकांना वाटले अल्बम येतोय. आला नाही. डिसेंबर १९९९ला 'एक्स्पो २०००' आले, हानोफरच्या प्रदर्शनासाठी केलेल्या काही सेकंदांच्या जिंगलवरून वाढवलेले. त्या जिंगलचे मानधन ऐकून जर्मन वर्तमानपत्रे खवळली होती.

१९९७च्या त्या तुकड्यांना चाहत्यांनीच नावे दिली आहेत. प्रेक्षकांतून केलेली रेकॉर्डिंग फिरतात, आवाज बादलीत बसून ऐकल्यासारखा. तरी त्यात एक असा उड्या मारणारा ठेका आहे की तो स्टुडिओत नीट झाला असता तर २००३ची वाट बघावी लागली नसती.

जुनी_कॅसेट

२००३चा 'तूर द फ्रान्स' मला फार आवडतो हे नोंदवून ठेवतो. शर्यतीच्या शताब्दीसाठी केला आणि शर्यत संपल्यावर बाजारात आला. तरी जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेला. 'द मॉडेल'चंही तसंच. गाणं १९७८चं, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर आलं फेब्रुवारी १९८२मध्ये, तेही 'कॉम्प्युटर लव्ह'ची मागची बाजू म्हणून निघालेलं. उशिरा पोचणं हा यांचा स्वभावच.

सुईखालचा

'द मॉडेल'चे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, हे लक्षात आणून देतो. मागच्या बाजूला टाकलेले गाणे रेडिओवाल्यांनी उलटवून वाजवले. काय महत्त्वाचे ते ग्रुपने ठरवले होते, लोकांनी वेगळे ठरवले. पहिल्या तीन एलपींना तेवढी संधी द्या, एवढेच म्हणतो. विकत घ्यायचे की नाही ते लोक बघतील.

रिमिक्सच्या बाबतीत त्यांनी दार उघडले आहे. 'रिमिक्सेस' हा संग्रह डिसेंबर २०२०मध्ये डिजिटल आला, २०२२ला सीडी-एलपीवर. विल्यम ऑर्बिटचे 'रेडिओअ‍ॅक्टिव्हिटी', एक्स्पोवरचे ऑर्बिटल आणि अंडरग्राउंड रेझिस्टन्सचे हात, हॉट चिपचे 'एरोडायनामिक'. ज्यांच्यासाठी आम्ही १२ इंची तबकड्या धुंडाळल्या, त्या आता कोणालाही मिळतात. माझ्याकडच्या तबकड्यांचा भाव पडला असेल, पडू दे.

@नवखा_श्रोता, क्रम विचारलास तर: 'आउटोबान' आणि 'कॉम्प्युटरवेल्ट' जर्मनमध्ये, मग 'मिनिमम-मॅक्सिमम', मग ब्रेमेनचे १९७१. चौथे झाल्यावर 'क्लिंगक्लांग', हेडफोन लावून. पेटी त्यानंतरही मिळेल.

अडगळ

ग्रुपबाहेरचं एक राहिलं. श्नायडर २००८ला बाहेर पडला. २०१५ला बेल्जियमच्या टेलेक्स ग्रुपच्या डॅन लॅक्समनबरोबर त्याने 'स्टॉप प्लास्टिक पोल्युशन' काढलं, समुद्रातल्या प्लास्टिकबद्दल. एप्रिल २०२०मध्ये तो गेला. मोठं काही नाही, पण ऐका. ग्रुपमधून बाहेर पडलेल्या कार्ल बार्टोसचं 'एस्पेरांतो' (१९९३) त्याच्या इलेक्ट्रिक म्युझिक या नावाखाली आहे. 'इलेक्ट्रिक कॅफे'नंतर चौघे एकत्र राहिले असते तर काय निघालं असतं, याचा अंदाज मला त्यावरून येतो. चौघांतला दुसरा, वोल्फगांग फ्ल्यूर, त्याचं यामो या नावाने केलेलं 'टाइम पाय' त्यामानाने विस्कळीत.

नवखा_श्रोता

@ऱ्हाईनकाठी, व्हर्टिगोची ती जोड-एलपी तुमच्याकडच्या बाजारात दिसली तर सांगाल का? पुण्याला येणारे कोणी असेल तर पैसे लगेच पाठवतो. कव्हर फाटके असले तरी चालेल.

ऱ्हाईनकाठी

व्यक्तिगत निरोप पाठवला आहे. पुढच्या महिन्यात बहीण येतेय, तिच्या बॅगेत एक तबकडी मावेल. कव्हर फाटकं चालेल म्हणताय, पण तबकडी आधी उजेडात धरून बघेन. खूप चरे असतील तर घेणार नाही.

जुनी_कॅसेट

बॅगेत जागा उरली तर 'राल्फ उंड फ्लोरियान' माझ्यासाठी बघा. पोस्टरसकट. याचा अर्थ कोणी काही काढू नये.